कोणती प्रत, कोणाचा हात? : जुन्या विज्ञानकथा-चित्रपट्ट्यांच्या प्रकाशकांना खुले पत्र

प्रति,
जुन्या विज्ञानकथा-चित्रपट्ट्यांची (कॉमिक स्ट्रिप्सची) पुनर्मुद्रणे काढणारे प्रकाशक, त्यांचे संपादक आणि संगणकासमोर बसून एकेक पान उजळवणारे कारागीर यांस,

स. न. वि. वि.

मी आयुष्यभर छपाईच्या धंद्यात होतो. मुंबईतल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे छपाईसाठी चित्रांच्या फिल्म तयार करणाऱ्या कारखान्यात, आधी कॅमेऱ्यावर आणि नंतर रिटचिंगच्या टेबलावर मिळून ३६ वर्षे काढली. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चित्राची निगेटिव्ह काढली की धुळीच्या कणांमुळे तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढी पारदर्शक भोके राहतात. ती लाइट टेबलवर बारीक ब्रशने ओपेक (प्रकाश अडवणारा रंग) लावून बुजवायची, रेघ तुटली असेल तिथे ब्लेडच्या टोकाने खरवडून ती जोडायची आणि चार रंगांच्या चार फिल्म एकावर एक नेमक्या बसतात की नाही हे भिंगातून पाहायचे, असे ते काम. तुम्ही आज पडद्यावर जे करता तेच आम्ही हाताने करत होतो. पत्र तक्रारीचे असले तरी ते बाहेरच्या माणसाचे नाही, एवढे ध्यानात यावे म्हणून ही ओळख दिली.

पत्र मराठीत लिहितो आहे, कारण मला विचार मराठीतच करता येतो. माझी मुलगी त्याचे इंग्रजी करून तुमच्यापर्यंत पोचवणार आहे. ते खुले ठेवण्याचे कारण वेगळे आहे. पुण्या-मुंबईत, नाशिक-पणजीत आणि परदेशांतही असे बरेच मराठी वाचक मला माहीत आहेत, जे पदरमोड करून तुमचे जाडजूड खंड मागवतात आणि टपालखर्चासह त्यांची जी किंमत होते ती घरात कोणाला खरी सांगत नाहीत. आपण नेमके काय विकत घेतले हे कळण्याचा हक्क त्यांनाही आहे.

निमित्त घडले ते असे. गेल्या दिवाळीत मुलीने मला ‘फ्लॅश गॉर्डन’च्या रविवारच्या रंगीत पानांचा एक खंड भेट दिला. या चित्रपट्टीची पुनर्मुद्रणे आजवर अनेक देशांत अनेकांनी केली आहेत. त्यांतला हा खंड कोणाचा, ते मी लिहीत नाही, कारण जे मी सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने पुष्कळ ठिकाणी दिसते. वेष्टनावर लिहिले होते की सर्व पाने मूळ प्रतींवरून परिश्रमपूर्वक पूर्ववत केली आहेत. आतला कागद पांढराशुभ्र आणि चकचकीत, रंग झगझगीत, रेघ काळीभोर. पहिल्या दिवशी मी हरखून गेलो. दुसऱ्या दिवशी सवयीने भिंग काढले आणि तिथेच माझे बिनसले.

बिनसण्याचे कारण म्हणजे त्यातली काही पाने मी मुळात पाहिलेली होती. मुलगी ओहायो राज्यात कोलंबस येथे राहते. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो असताना तिथल्या राज्य विद्यापीठातील बिली आयर्लंड व्यंगचित्र ग्रंथालय व संग्रहालयाच्या वाचनकक्षात मी तीन दिवस बसलो. हा संग्रह ज्या माणसामुळे एवढा मोठा झाला त्या बिल ब्लॅकबिअर्डची हकिकत तुम्हाला माहीत असेल, पण आमच्याकडच्या वाचकांना सांगायला हवी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ग्रंथालयांनी वर्तमानपत्रांचे मायक्रोफिल्मवर चित्रण करून बांधीव फायली रद्दीत काढायला सुरुवात केली. मायक्रोफिल्म काळी-पांढरी, त्यामुळे रविवारच्या पुरवण्यांचा रंग कायमचा जाणार होता. ब्लॅकबिअर्डने त्या फायली मागितल्या, तेव्हा फायली खासगी व्यक्तीला देता येत नाहीत असे उत्तर मिळाले. मग त्याने १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को अकॅडमी ऑफ कॉमिक आर्ट नावाची संस्थाच काढली आणि राहत्या घरात फायलींचे डोंगर रचले. पुढे १९९०च्या दशकाच्या अखेरीस हा संग्रह ओहायोला हलवला, तेव्हा त्याचे वजन ७५ टन भरले आणि तो न्यायला सहा मोठे ट्रेलर लागले. तुम्ही आणि तुमच्या आधीच्यांनी काढलेल्या कितीतरी पुनर्मुद्रणांच्या मुळाशी हा रद्दीतून वाचवलेला कागद आहे.

त्या वाचनकक्षात माझ्यासमोर १९३५ सालचे एक पान ठेवले गेले. आकाशात तरंगणारे नगर आणि त्यात राहणारी पंखधारी माणसे, असा तो कथाभाग होता. कागद चहाच्या रंगाचा झालेला, मधल्या घडीवर उसवलेला, कडेला हात लावला तर भुगा पडेल असा. पण एका पंखधाऱ्याचा पंख खांद्याला जिथे जोडलेला असतो, त्या जागी ‘फ्लॅश गॉर्डन’चा चित्रकार ॲलेक्स रेमंड याने जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढलेल्या रेघा होत्या. अशा ब्रशची रेघ सुरुवातीला जाड असते आणि पुढे तिचे केस सुटत जातात. मी त्या मोजल्या. वेगळी टोके दिसणाऱ्या रेघा नऊ होत्या, नव्वद वर्षे होत आलेल्या वर्तमानपत्री कागदावर, खरखरीत छपाईत. दिवाळीत मिळालेल्या खंडात तेच पान उघडून तीच जागा पाहिली, तर तिथे तीन जाड पाचरी आहेत. पुढच्याच चौकटीत नायकाच्या जबड्याची रेघ कानापासून हनुवटीपर्यंत एकाच जाडीची आहे. ब्रशने अशी रेघ निघत नाही, ती संगणकाच्या साधनानेच निघते. जुन्या पानावर आकाशाचा निळा रंग ठिपक्यांच्या तीन पायऱ्यांनी क्षितिजाकडे फिका होत गेलेला होता. खंडात तो लोण्यासारखा सलग उतरत गेला आहे, जो उतार त्या काळच्या कोणाही ब्लॉकमेकरला (छपाईचे धातूचे ठसे करणाऱ्याला) काढता आला नसता.

मी हे रागाने लिहीत नाही. ते कसे घडले असेल याचा मला अंदाज आहे. वर्तमानपत्री कागद शाई पिऊन टाकतो आणि रेघ कडेने फुटते. ती जागा स्कॅन करून करडे सगळे एक तर काळे किंवा पांढरे करून टाकले की लगतच्या दोन रेघांमधली फट भरून येते, आणि नऊच्या तीन होतात. छापील ठिपक्यांवर पुन्हा नव्या छपाईचे ठिपके पडले की मॉयरेची नक्षी उमटते. आमच्याकडे याला सरळ ‘जाळी पडली’ म्हणत. ती टाळायला ठिपके पुसट करून घ्यावे लागतात आणि त्याबरोबर रेघही मऊ पडते. मऊ पडलेली रेघ मग कडक करायची, कडक केलेली रेघ दातेरी दिसते म्हणून गुळगुळीत करायची, असे एका पापातून दुसरे निघत जाते. आता तर रेघ कशी असावी याचा अंदाज बांधून ती आपणहून काढून देणारी साधनेही आली आहेत. त्यांच्या हातचे पान दिसते फार सुबक. चित्रकाराने न काढलेली रेघ त्यात कोणती, हे मात्र मूळ पान शेजारी ठेवल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल की मूळ पान म्हणजे तरी कोणते? हा प्रश्न योग्य आहे आणि माझे सगळे म्हणणे त्यावरच उभे आहे. ‘फ्लॅश गॉर्डन’ ७ जानेवारी १९३४ रोजी सुरू झाला. ‘बक रॉजर्स’ची दैनिक पट्टी बरोबर पाच वर्षे आधी, ७ जानेवारी १९२९ रोजी आली होती आणि तिला तोडीस तोड म्हणून किंग फीचर्स सिंडिकेटने, म्हणजे अनेक वर्तमानपत्रांना चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या कंपनीने, तिशीही न गाठलेल्या रेमंडला हे काम दिले. रेमंड पान काढी ते काळ्या शाईत. रंग कुठे कोणता, याचा नमुना वेगळा जाई. रंगांचे ठिपके ब्लॉकवर चढवणारे कारागीर तिसरेच, आणि त्यांची नावे कोणी नोंदवलेली नाहीत. ब्लॉकवरून कागदाच्या लगद्याचे साचे काढले जात, ते निरनिराळ्या छापखान्यांकडे जात, तिथे त्यांत शिशाचा रस ओतून प्लेट तयार होई आणि मग प्रत्येक छापखाना आपापल्या शाईने, आपापल्या कागदावर, मशीनमनच्या त्या दिवशीच्या मर्जीप्रमाणे छापी. चित्रकाराच्या हातची पाने फार थोडी उरली. सिंडिकेटने चांगल्या कागदावर काढलेली काळी-पांढरी प्रुफे काही ठिकाणी आहेत. त्यांत रेघ उत्तम मिळते, पण रंग नसतो. रंग मिळतो तो फक्त वर्तमानपत्राच्या कात्रणात, आणि प्रत्येक कात्रणात तो वेगळा असतो.

हे मी कोलंबसला डोळ्यांनी पाहिले. एकाच रविवारचे तेच पान दोन वेगळ्या वर्तमानपत्रांतले माझ्यापुढे होते. एकात अंगरखा लालभडक, दुसऱ्यात पिवळी शाई जास्त सुटल्यामुळे तोच शेंदरी. एकात लाल रंगाचे रजिस्टर, म्हणजे रंगाची ठरलेली जागा, अर्धा मिलिमीटर डावीकडे सरकलेले, दुसऱ्यात नीट बसलेले. दुसरे वर्तमानपत्र लहान आकाराचे होते, त्यामुळे पान त्यात बसवण्यासाठी चौकटींच्या कडा छाटल्या होत्या आणि एका भाल्याचे टोक त्यात गेले होते. यांतले खरे कोणते? दोन्ही खरी आहेत. हजारो घरांत त्या सकाळी दोन्ही पाने जमिनीवर पसरून वाचली गेली. म्हणूनच वेष्टनावर ‘मूळ प्रतींवरून’ एवढे लिहून तुमची सुटका होत नाही. कोणत्या प्रतीवरून, हे सांगावे लागते.

आमच्या मराठीत या प्रकारच्या कामाची परंपरा फार जुनी आहे आणि ती तुम्हाला सांगण्यात मला थोडा अभिमान वाटतो. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर सुमारे तीनशे वर्षांत तिच्या नकलांमध्ये पाठभेद शिरले होते. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ती शुद्ध करून घेतली. या कामाला त्यांनी वापरलेला शब्द ‘प्रतिशुद्ध’ असा आहे, आणि तुमच्या कामाला मराठीत शब्द हवा असेल तर माझ्या मते तोच घ्यावा. विशेष म्हणजे एकनाथांनी तिथेच बजावून ठेवले की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. एकनाथ स्वतः थोर कवी होते, ज्ञानेश्वरांसारखी ओवी त्यांना करता आली नसती असे नाही. तरी त्यांनी हात आवरला. रेमंडच्या पंखावर तीन पाचरी काढणाऱ्या तुमच्या कारागिराचा हातही चांगलाच आहे. चूक त्याने काढले यात कमी आहे आणि काढले हे सांगितले नाही यात जास्त आहे.

सांगावे कसे, याचाही नमुना आमच्याजवळ आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि ती १९६६ मध्ये पुरी केली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे तुमचा नायक मोंगो ग्रहावर उतरण्याच्या आदल्या वर्षी. त्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडले तर वर स्वीकारलेला पाठ आणि खाली बारीक टाइपात कोणत्या पोथीत काय वेगळे आहे याची नोंद दिसते. जिथे संपादकांना पाठाची खात्री नव्हती तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ आहे. चित्रपट्टीला महाभारताचा मान द्या असे मी म्हणत नाही, हसाल याची कल्पना आहे. पण ज्या वाचकाने पंखावरच्या नऊ रेघा मोजल्या त्याला नागमोडी रेघेची किंमत कळते, एवढे समजून घ्या.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक पानामागे दोन ओळी द्या. पानाखाली देऊन सौंदर्य बिघडते असे वाटत असेल तर खंडाच्या शेवटी द्या. उदाहरणार्थ: ‘अमुक वर्तमानपत्र, अमुक तारखेचा अंक, अमुक संग्रह. मधल्या घडीवरची फाट जोडली. चौथ्या चौकटीचा डावा कोपरा दुसऱ्या प्रतीवरून घेतला. सातव्या चौकटीतील पंखाच्या रेघा नव्याने काढल्या. कागदाचा पिवळेपणा कमी केला, रंग बदललेले नाहीत.’ ज्याने काम केले त्याला हे सगळे पाठ असते. नोंद करायला पानाला पाच-दहा मिनिटे लागतील आणि दीडशे पानांच्या खंडात चार-सहा पाने वाढतील. प्रस्तावनेत चित्रकाराच्या मोटारींच्या आणि पार्ट्यांच्या छायाचित्रांना तुम्ही याहून अधिक पाने देता. त्याबरोबर कारागिराचे नावही छापा. रंगांचे ठिपके चढवणाऱ्या १९३४ सालच्या माणसाचे नाव आज कोणाला ठाऊक नाही, निदान आजच्या माणसाचे तरी राहू द्या.

याला जोडून आणखी एक. हात न लावलेला स्कॅन, म्हणजे डाग, फाटी, पिवळेपणा सगळ्यांसकट असलेला, एखाद्या ग्रंथालयाकडे जमा करा. तो लगेच सर्वांना खुला करा असे नाही, हक्कांचे प्रश्न मला समजतात. पण कागद आणखी पन्नास वर्षे टिकेलच असे नाही. वर्तमानपत्री कागदात लाकडातले लिग्निन तसेच राहिलेले असते आणि आम्ल असते, त्यामुळे तो स्वतःहून जळत जातो. उद्या ते कात्रण हातात धरता येईनासे झाले आणि जगात फक्त तीन पाचरींचे पान उरले, तर तेच मूळ ठरेल. आमच्या प्रोसेस हाऊसने एका स्थलांतरात जुन्या निगेटिव्हचे गठ्ठे चांदी काढणाऱ्याला किलोवर विकले होते. त्या दिवशी मी गप्प बसलो, याची मला अजून लाज वाटते.

रंग आणि कागद यांबद्दल माझे मत थोडे हट्टी आहे, ते हट्टी म्हणूनच घ्या. रविवारच्या पानाचे रंग ठरवले गेले ते मळकट, सायीच्या रंगाच्या, शाई पिणाऱ्या कागदासाठी. तिथे पिवळा भरपूर टाकावा लागे, कारण कागद तो अर्धा खाऊन टाकी. तोच पिवळा तुम्ही चकचकीत आर्ट पेपरवर पूर्ण ताकदीने छापता तेव्हा डोळ्यांत मिरची गेल्यासारखे होते. पीटर मरेस्का यांच्या संडे प्रेस बुक्सने २००५ मध्ये ‘लिटल निमो’ची पाने पूर्ण वर्तमानपत्री आकारात काढली, तेव्हा जुन्या कागदाची छटा जपून रंग कसे बसवता येतात हे दिसले. ती विज्ञानकथा नसली, तरी धडा तुमच्याच कामाचा आहे. आकाराचेही तसेच आहे. लायब्ररी ऑफ अमेरिकन कॉमिक्सने २०११ पासून काढलेल्या खंडांत ‘फ्लॅश गॉर्डन’बरोबर वरची ‘जंगल जिम’ ही पट्टीही तिच्या जागी ठेवली, याबद्दल त्यांचे आभार मानतो. दोन्ही रेमंडच्याच, एकाच दिवशी सुरू झालेल्या, एकाच पानावर वर-खाली राहणाऱ्या. वरचे बिऱ्हाड हलवले की खालच्या चौकटींची मांडणी अशी का आहे ते उमगतच नाही.

रंगाचा एक प्रश्न मात्र शाई-कागदाचा नाही आणि तो टाळता येणार नाही. सुरुवातीच्या पानांवर ‘फ्लॅश गॉर्डन’च्या खलनायकाची, सम्राट मिंगची, कातडी पिवळी आहे. पूर्वेकडचा क्रूर, कपटी, गोऱ्या मुलीवर डोळा ठेवणारा राजा हा त्या काळच्या अमेरिकन करमणुकीतला ठरलेला साचा होता आणि मिंग त्यातूनच आला आहे. आज हे वाचताना आशियातल्या वाचकाला, म्हणजे मलाही, खटकते. ते हलके करण्यासाठी रंगात फेरफार करण्याचा मोह कोणाला झाला तर मी त्याच्या हेतूवर शंका घेणार नाही, पण तसे करू नका. तो पिवळा रंग हा पुरावा आहे. प्रस्तावनेत त्याबद्दल स्पष्ट लिहा, माझ्यासारख्या वाचकाचा मान राखून लिहा, पण रंग तसाच छापा. कोणत्या समाजाने, कोणत्या साली, रविवारी सकाळी मुलांच्या हातात काय दिले हे कळायला पान जसेच्या तसे लागते.

तुमच्यापैकी जे ब्रिटिश चित्रपट्ट्या काढतात त्यांची अडचण वेगळी आहे आणि तिच्याबद्दल थोडक्यात लिहितो. १४ एप्रिल १९५० रोजी ‘ईगल’ साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला आणि त्यात फ्रँक हॅम्पसनचा ‘डॅन डेअर’ आला. साउथपोर्टच्या स्टुडिओत अवकाशयानांच्या प्रतिकृती करून, सहकाऱ्यांना कपडे घालून उभे करून, त्यांची छायाचित्रे काढून मग चित्र काढायचे अशी हॅम्पसनची पद्धत. रंग तो मूळ चित्रावरच लावी आणि छपाई ग्रॅव्हुअरची, म्हणजे धातूत कोरलेल्या खळग्यांत शाई भरून केलेली, असे. इथे मूळ चित्र हाती लागले तर त्याचा स्कॅन अंकात कधीच दिसला नाही इतका सतेज निघतो, आणि ते छापायचा मोह कोणालाही होईल. मलाही झाला असता. पण तो चित्रकाराचा फलक आहे, मुलांनी वाचलेला अंक नव्हे. खुशाल फलकावरून छापा आणि ज्या पानांचे फलक मिळाले नाहीत ती अंकावरून घ्या, फक्त वाचकाला कोणते पान कशावरून आहे ते सांगा. एका उघड्या जोडपानात डावे पान तजेलदार आणि उजवे मळकट दिसले की वाचक छपाईला दोष देतो. मशीनवरच्या माणसाची बाजू घेऊन सांगतो, त्यात त्याचा काही दोष नसतो.

आम्ही तुम्हाला उपदेश करण्याइतके सोवळे आहोत असेही नाही. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि वेताळ, मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन आमच्या घरी आले ते त्यातून. इंग्रजीबरोबर मराठी आवृत्तीही निघे. आडव्या दैनिक पट्ट्या कापून उभ्या पानात बसवल्या जात, चौकटी वाढवल्या-छाटल्या जात, आणि वेताळाच्या देशाचे नावसुद्धा बदलून ‘डेंकाली’ केले गेले. कोठे काय कापले याची नोंद वाचकाला कधी मिळाली नाही. तरी मी त्यावरच वाढलो आणि त्या अंकांबद्दल माझ्या मनात मायाच आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पाठभेद नको असतात, त्याला पुढचा अंक हवा असतो. फरक इतकाच की इंद्रजालने आपण मूळ पाने पूर्ववत केली असा दावा कधी केला नाही. स्वस्त मासिक होते, स्वस्त मासिकासारखे वागले. तुमचा खंड किलो-दोन किलोचा, कापडी बांधणीचा, रेशमी खुणफितीचा असतो आणि त्याच्या वेष्टनावर प्रतिज्ञा असते.

तुमच्यातल्या कारागिरांना स्वतंत्रपणे एक गोष्ट लिहायची होती. तुमच्या कामाची पहिली कसोटी अशी सांगतात की दुरुस्ती केलेली दिसू नये. आमच्या टेबलावरही तेच सांगत. पण आमच्याकडे एक जुने रिटचर होते, ते प्रत्येक फिल्मच्या कडेला, छपाईत न येणाऱ्या भागात, पेन्सिलीने बारीक खुणा करून ठेवत: कुठे भोके बुजवली, कुठे रेघ जोडली, कुठे ठिपका रसायनाने लहान केला. मालक हसत. एकदा एका औषधाच्या जाहिरातीत बाटलीवरचे एक अक्षर छापील मजकुरात बदललेले निघाले आणि सगळे एकमेकांकडे बोट दाखवू लागले, तेव्हा त्या खुणांवरून दहा मिनिटांत निकाल लागला की चूक फिल्मवरची नसून गिऱ्हाइकाकडून आलेल्या आर्टवर्कमधलीच होती. काम दिसू नये, पण केल्याची खूण कडेला असावी, ही रीत मी त्यांच्याकडून उचलली आणि निवृत्तीपर्यंत पाळली.

दिवाळीत मिळालेल्या त्या खंडाची माझ्याजवळच्या टिपणांशी मी जमेल तेवढी तुलना केली आहे. कोलंबसला माझ्याकडे फक्त पेन्सिल आणि वही होती, वाचनकक्षात शाईचे पेन चालत नाही, त्यामुळे ११ पानांचीच टिपणे आहेत. त्या पानांची यादी मी संबंधित प्रकाशकांना स्वतंत्र टपालाने पाठवत आहे, यात जाहीर करत नाही. प्रत्येक पानासमोर चौकटीचा क्रमांक, ग्रंथालयातील प्रतीत काय होते आणि खंडात काय आहे हे लिहिले आहे. पुढच्या आवृत्तीच्या वेळी ती पाने पुन्हा स्कॅन करायची ठरली तर मुलगी कोलंबसमध्येच आहे, वाचनकक्षाची वेळ ती विचारून ठेवील. पंख असलेले पान यादीत पहिले आहे. त्याच्यापुढे एवढेच लिहिले आहे: ‘तिसरी चौकट, डावा पंख, खांद्याजवळ. रेघा ९. खंडात ३.’

आपला,
एक निवृत्त रिटचर, डोंबिवली